आधी विचारायचं असतं

हे घडलेलं आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी उत्तर मिशिगनमधल्या आहोला पॉइंटला यावं आणि मिस्टर कांगास यांच्या स्वयंपाकघरातला तिसरा ड्रॉवर उघडून बघावा. ते उघडू देणार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आणि आधीच सांगते, यात रात्र नाही. अमावस्या नाही, विहीर नाही, पिंपळ तर आमच्याकडे उगवतच नाही. वेळ दुपारची तीन चाळीस. बाहेर बर्फावर डोळे दिपतील असं ऊन, समोर गोठलेलं सुपिरिअर सरोवर, आणि खाली आई पेस्ट्या, म्हणजे आमच्याकडच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भाजतेय. अशा वेळी हे झालं. एकदा नाही, त्रेपन्न वेळा.

खरं तर मला हे बोलून सांगायला आवडलं असतं. आई म्हणते माझं तोंड म्हणजे एप्रिलमधला ओढा, एकदा बर्फ फुटला की थांबायचं नाव नाही.

पण या वेळी लिहितेय. का, ते शेवटी सांगते.

मी रीका नीमेला, वय सोळा. दोन वर्षांपूर्वी मला ओळखणाऱ्यांना विचारलंत तर ते म्हणतील, कोण, ती मुकी? वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायच्या जागी मी नुसता हात वर करायचे. मग मी हौशी रेडिओची परीक्षा दिली. पास झाले. माइकचं बटण दाबलं, आणि काय झालं कोण जाणे, समोर चेहरा नसला की मला बोलता येतं असा शोध लागला. नंतर चेहरा असला तरी बोलता यायला लागलं. आवाज मला रेडिओने दिला. हे लक्षात ठेवा.

आमच्या क्लबात अठरा माणसं आहेत. त्यातली पंधरा माझ्या आजोबांच्या वयाची. दर शनिवारी सकाळी दहाला रेडिओवर हजेरी होते. एकजण नावं पुकारतो, बाकीचे हवामान, गुडघे आणि बर्फ ढकलायची यंत्रं यांबद्दल बोलतात. एकोणीस वर्षं ही हजेरी मिस्टर कांगास घेत होते. या हिवाळ्यात ते म्हणाले, आता दम लागतो, दुसरं कोणीतरी घ्या.

मला ती हजेरी हवी होती. दुसरं काही नको. जिला हजेरीत बोलता येत नव्हतं, तिने सगळ्यांची हजेरी घ्यायची. विचार करा.

पण मिस्टर कांगास सरळ कधी काही देत नाहीत. त्यांनी अट घातली. आमच्याकडे सव्वा मीटर नावाचा एक बँड, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, आहे. चांगला बँड, पण त्यावर कोणी फिरकत नाही. सगळे आपले नेहमीच्या जागी गर्दी करतात. जो बँड वापरात नाही तो कधीतरी काढून घेतात. याचा एक तुकडा पूर्वी असाच गेला होता. मिस्टर कांगास म्हणाले, "बँड मेलेला नसतो. सगळे नुसते ऐकत बसतात, हाक कोणी मारत नाही."

म्हणून स्पर्धा. एक जानेवारीपासून मार्चच्या शेवटच्या शनिवारपर्यंत सव्वा मीटरवर बोलायचं. एका माणसाशी दिवसातून एकदा बोललात की एक गुण. पण कोणाशी कधी बोललो ही तुमच्या वहीतली नोंद समोरच्याच्या वहीत सापडली तरच. जिचे गुण जास्त, तिला हजेरी.

'जिचे' म्हटलं, कारण खरी लढत दोघींतच होती.

दुसरी टेगन ट्रेवारो.

टेगन सप्टेंबरमध्ये आमच्या शाळेत आणि क्लबात आली. मोठ्या पुलाच्या पलीकडून, खालच्या मिशिगनमधून. पुलाखाली राहणाऱ्यांना आमच्याकडे ट्रोल म्हणतात, पुलाखालचे राक्षस. मी तिला पहिल्याच दिवशी म्हणाले, ट्रोलांना रेडिओच्या परीक्षेत सवलत असते का गं? ती हसली आणि म्हणाली, "नाही, पण पुलावरच्यांना भाषण देण्यात असते."

आणि आवाज... काय आवाज होता तिचा. गरम दुधात मध सोडावा तसा. ती रेडिओवर आली की क्लबातले म्हातारे गुडघे विसरायचे. मी बोलले की सगळे 'छान, पुढे' म्हणायचे. ती बोलली की म्हणायचे, टेगन, अजून सांग ना. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी आधी आले होते. मी शेडच्या छपरावर उणे वीसमध्ये माझा अँटेना लावला होता. हिला तो काकाने लावून दिला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे अकरा गुण होते. माझे पाच.

चौदा जानेवारी, बुधवार. बसमधून उतरले, बूट काढले, वर जाऊन रेडिओ लावला. नेहमीच्या जागी टेगनभोवती गर्दी जमलेली. मी रागाने चकती फिरवली. लांब, बँडच्या पार कोपऱ्यात गेले. तिथे कोणी नसतं. शांतता होती. मी लगेच बटण दाबलं आणि हाक मारली.

इथे माझी चूक झाली. रेडिओवाल्यांशिवाय कोणाला ती चूक वाटणारही नाही.

रिकामी जागा दिसली तरी आधी विचारायचं असतं. 'ही जागा कोणी वापरतंय का?' म्हणायचं, मनात पाच मोजायचे, मग बोलायचं. पहिल्याच धड्यात शिकवतात. पण सव्वा मीटरवर कोण विचारतं? तिथे असतंच कोण?

मी बटण सोडलं.

शांतता.

आणि मग...

"आधी विचारायचं असतं."

बाईचा आवाज. वयस्कर, शांत, जरासा चिडका. मी पटकन सॉरी म्हटलं. ती म्हणाली असू दे, आणि आपला कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळखीची अक्षरं, सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही. तुमच्यातलं कोणीतरी हाक मारून बघेल, मला माहीत आहे. नाव इल्मा. मी वहीत लिहिलं. वेळ तीन चाळीस. सहावा गुण.

तिने निघताना विचारलं, सोबत कोणी आहे का? मी म्हटलं, नाही, एकटीच.

"बरं," ती म्हणाली. "उद्या ये. पण कोणाला सांगू नकोस. मला गर्दी आवडत नाही."

मला तर आनंदच झाला. सांगायचं कशाला? सांगितलं असतं तर टेगन दुसऱ्या दिवशी तिथे टपकली असती.

शाळेतून आले की मी रोज जायला लागले. इल्मा रोज असायची. मी विचारलं, तुमची वही असते ना? नोंद जुळावी लागते. ती म्हणाली, "माझी वही कधी चुकली नाही."

आठवड्याभरात एक गोष्ट लक्षात आली.

रेडिओवर कोणाचा आवाज आला की मीटरचा काटा हलतो. जवळचा असेल तर उजवीकडे धावतो, लांबचा असेल तर नुसता थरथरतो. इल्मा इतकी स्पष्ट बोलायची, की जणू खोलीत बसलीय. आणि काटा...

काटा शून्यावर.

दुसरी गोष्ट. बोलणाऱ्याने बटण सोडलं की शेवटी 'खस्स' असा आवाज येतो. प्रत्येकाचा येतो. तिचा यायचा नाही. तिचं वाक्य संपायचं आणि पुढे नुसती... काहीच नसायचं.

मी म्हटलं, जुना रेडिओ आहे, काटा अडकला असेल. गुण मिळत असले की माणसाला सगळं पटतं.

मग कुत्रा. इल्मा बोलताना तिच्या मागे कुत्रा भुंकला. आमच्या शेजारचा टूक असाच भुंकतो, दोनदा आणि मग रडका सूर. मी हेडफोन एका कानावरून काढला.

खिडकीबाहेर टूक भुंकत होता. त्याच क्षणी. तेच दोनदा, तोच रडका सूर.

म्हणजे ती आमच्याच गल्लीत होती.

मी विचारलं, कुठे राहता तुम्ही?  तिने उलटच विचारलं, "ती पुलाखालची कशी आहे?"

आता खरं सांगते, याच प्रश्नाची मी वाट बघत होते. घरी आई म्हणायची, दुसऱ्याच्या ताटात बघू नये. शाळेत सगळ्यांना टेगन आवडायची. इल्माला मात्र ती आवडत नव्हती. तिच्यापाशी मी मनसोक्त जळून घेतलं. तिचं हसणं, तिचे केस, तिचा काका. एक दिवस सहज म्हणाले, तिचा आवाज थोडे दिवस बसला ना, तर बरं होईल.

इल्माचं उत्तर आलं.

"नोंद केली."

पुढच्या मंगळवारी टेगन शाळेत आली ती गळ्याला मफलर गुंडाळून. पाटीवर लिहून बोलत होती. ताप नाही, खोकला नाही, घसा लाल नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. नऊ दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी थांबायचंस. मी घाबरले होते, हो. पण त्या नऊ दिवसांत शनिवारी सगळे मला म्हणाले, रीका, अजून सांग ना.

मी थांबले नाही.

टेगनचा आवाज परत आला, आधीपेक्षा जरा खरखरीत. आता ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघायची. मला वाटलं, तिला कळलं की काय.

मार्चमध्ये एका दुपारी इल्मा बोलत होती. मी हात मांडीवर ठेवून ऐकत होते, अजिबात न हलता. हेडफोनमध्ये तिच्या आवाजामागे खुर्ची करकरली.

माझी खुर्ची. डावा पाय सैल आहे, बाबांनी तारेने बांधलाय, तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

पण मी हलले नव्हते.

मागे वळून बघायला मला किती वेळ लागला, ते विचारू नका. मागे कोणी नव्हतं. कानात ती म्हणाली, "सोबत कोणी आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं."

मार्चचा शेवटचा शनिवार. सकाळी नऊला मी आणि टेगन आपापल्या वह्या घेऊन मिस्टर कांगास यांच्या घरी पोचलो. दारात एकमेकींना 'आधी तू, आधी तू' केलं, गोड गोड. आत कॉफीचा आणि नीसूचा वास, म्हणजे आमचा वेलची घातलेला गोड पाव. मिस्टर कांगास यांनी चष्मा लावला, माझी वही उघडली आणि बोट ठेवून खाली खाली येऊ लागले.

बोट थांबलं.

त्यांनी मान वर केली नाही. टेगनची वही ओढली. तिथेही बोट फिरलं, तिथेही थांबलं.

"हा विनोद तुमच्यापैकी कोणाचा?"

मी टेगनकडे बघितलं. टेगनने माझ्याकडे. आणि मला तिच्या वहीचं उघडं पान दिसलं. तोच कॉलसाइन. इल्मा. वेळ चार दहा. मधले नऊ दिवस सोडून रोज चार दहा. माझ्यानंतर अर्ध्या तासाने.

सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला भीती वाटली नाही. असा संताप आला, की ही बया इथेही?

टेगन पांढरी पडली होती. ती हळूच म्हणाली, जानेवारीअखेरीस ती मला शोधत चकती फिरवत होती. तिला मी सापडले. पण एकटीच. मी बोलायचे, थांबायचे, हसायचे, परत बोलायचे. मधे नुसती शांतता. मी गेल्यावर तिने तिथे हाक मारली.

"आणि?" मी विचारलं.

"म्हणाली, आधी विचारायचं असतं."

मिस्टर कांगास उठले. तिसरा ड्रॉवर उघडला. आतून एक जाड हिरवी वही काढली, रबराने बांधलेली. रबर इतकं वाळलं होतं, की हात लागताच तुटून पडलं.

"इल्मा माझी बायको," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली तिला जाऊन. मी बर्फाचा ट्रक चालवायचो. पाळी तीन चाळीसला संपायची. ती त्या जागेवरून हाक मारायची, कॉफी ठेवू का म्हणून. तीस वर्षं. दुसरं कोणी तिथे यायचं नाही."

त्यांनी वही उघडली. शेवटच्या नोंदीपर्यंत आले, अकरा वर्षांपूर्वीच्या. पान उलटलं.

पुढचं पान भरलेलं होतं.

चौदा जानेवारी, तीन चाळीस, माझा कॉलसाइन. पंधरा जानेवारी. सोळा. मग माझ्याखाली टेगन, चार दहा. परत मी, परत टेगन. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. कालच्या तारखेपर्यंत. एकही नोंद चुकलेली नव्हती.

मला वाटलं म्हातारबाबा कोसळणार. पण ते पानं उलटू लागले. पुढे, मागे, परत पुढे. 

"मी कुठे आहे?"



"अकरा वर्षं मी रोज तीन चाळीसला तिथे बसतोय. कॉफी घेऊन. तुझं बोलणंही ऐकलं, रीका. वाटलं, हजेरीचा सराव करतेयस. तिचा आवाज मला एकदाही आला नाही." त्यांनी आमच्याकडे बघितलं. असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी टेगनकडे जसं बघायचे, अगदी तसं. "तुमच्याशी बोलली. तुमच्यात असं काय आहे?"

मी कसंबसं विचारलं, तुम्ही कधी हाक मारलीत का?



"हाक ती मारायची," ते म्हणाले. "मी उत्तर द्यायचो."

तेवढ्यात टेगनने माझी बाही ओढली. ती वहीच्या उजव्या कडेला बोट दाखवत होती. आमच्या वह्यांत तिथे शेऱ्याचा रकाना असतो. हवामान, समोरच्याचं नाव, असलं काही लिहितात. आणि पोच पाठवली की पुढे एक बरोबरची खूण करतात.

माझ्या एका नोंदीपुढे शेरा होता. 'टेगनचा आवाज बसावा.'

पुढे खूण. बरोबर.

टेगनने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आणि खाली बघितलं म्हणूनच दिसलं. लगेच खालच्या ओळीत, चार दहाची नोंद, तिची. 'रीका पूर्वीसारखी मुकी व्हावी.'

पुढे खूण नव्हती.

तेव्हा नव्हती.

टेगन रडायला लागली. म्हणाली, मी सहज बोलले गं, ती एवढंच म्हणाली, नोंद केली. मी म्हटलं, माहीत आहे. मीही सहजच बोलले होते. मग आम्ही दोघी रडलो, आणि मिस्टर कांगास यांनी नीसूची ताटली आमच्याकडे सरकवली, तेही माझ्याकडे न बघता.

त्यांनी गुण मोजले. वही जुळत होती ना, मग मोजायलाच हवेत, असं त्यांचं म्हणणं. माझे बहात्तर. टेगनचे बहात्तर. हजेरी दोघींना मिळाली, माझ्या घरून, एकाच टेबलावर बसून घ्यायची. आम्ही शपथ घेतली, त्या कोपऱ्यात परत जायचं नाही. मी एकदाही गेलेले नाही.

टेगननेही शपथ पाळली असेल. असेल.

सव्वा मीटर आता गजबजलाय. शनिवारी चाळीस-चाळीस जण येतात, विस्कॉन्सिनमधूनसुद्धा. मिस्टर कांगास हजेरीला येत नाहीत. ते रोज तीन चाळीसला त्या कोपऱ्यात हाक मारतात. अकरा वर्षं नुसतं ऐकलं, आता मारतात. उत्तर आलं का, हे ते सांगत नाहीत. वहीही दाखवत नाहीत. ती खूण झाली का विचारलं, तर ड्रॉवरला पाठ लावून उभे राहतात.

आम्ही हजेरीआधी न चुकता विचारतो, 'ही जागा कोणी वापरतंय का?' आणि मनात पाच मोजतो.

एक. दोन. तीन...

तिसऱ्याला दर वेळी काहीतरी होतं. काटा शून्यावरच असतो. पण दोघी एकेका कानाला लावतो त्या हेडफोनमध्ये माझी खुर्ची करकरते. मी टेगनकडे बघते. ती माझ्याकडे बघत असते. तिला काय ऐकू येतं, मी विचारत नाही. तीही विचारत नाही.

हे लिहून का सांगतेय ते आता सांगते.

दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी सकाळी उठले. आईला हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. ताप नाही, खोकला नाही, घसा लाल नाही. टेगनचा नऊ दिवसांत परत आला होता. माझा आज सोळावा दिवस. मी पाटी घेऊन फिरतेय. टेगन रोज येते, सूप आणते, रडते. ती म्हणते, मी काही बोलले नाही, रीका, शपथेवर.

उद्या शनिवार. उद्याही हजेरी ती एकटीच घेणार. माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर. ती विचारेल, ही जागा कोणी वापरतंय का, आणि पाच मोजेल. मी पलंगावर बसून असेन, हेडफोनशिवाय. हेडफोन एकच आहे.

सगळे विचारतात, आवाज परत आला नाही तर, याची भीती वाटते का? वाटते. खूप वाटते.

पण गेल्या शनिवारी तीन मोजून झाल्यावर टेगन एकदम हसली. अगदी बारीक, स्वतःशीच. ओळखीच्या कोणीतरी कानात काही सांगावं, तशी.

तेव्हापासून मला झोप नाही. आणि तेही भीतीमुळे नाही.

मला फक्त एवढंच हवंय, की तिने काय ऐकलं ते मला कळावं.